शंकासुर आणि पेट्रोलची नळी

जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. नाव बायकोनं ठेवलं आणि पसरवलं गिऱ्हाइकांनी. घराचं कुलूप तो तीनदा ओढून बघायचा आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा. एरवी हा स्वभाव म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप, पण कामात त्यानंच त्याचं नाव झालं होतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो एका वेळी एकच गाडी घ्यायचा आणि तिचंही फक्त बॉनेटखालचं काम करायचा. पत्रा, रंग, सीटा दुसऱ्यांनी बघायच्या. याचं काम इंजिन आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं, साठ वर्षांपूर्वी कारखान्यातून निघालं तसं परत मांडण्याचं. स्क्रू सरळ खाचेचेच हवेत, फुलीच्या खाचेचा एक जरी दिसला तरी त्याला घास गोड लागत नसे. पाण्याच्या नळ्यांना पट्टीच्या नव्या क्लिपा नकोत, तारेच्याच हव्यात. वायरींवर प्लास्टिक चालायचं नाही, सुती विणीचं आवरण लागायचं. आवरणाचं काम बायको करायची. ती शिवणकाम करणारी बाई, हात पक्का, आणि नवऱ्याच्या शंका एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सवय त्याहून पक्की.

त्या वर्षी त्याच्याकडे एक दोन सीटांची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आली. मालकीण एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ती अठ्ठाविसाव्या वर्षी जुनीच विकत घेतली होती आणि शाळेत जाऊनयेऊन निम्मं आयुष्य चालवली होती. आता त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. शेजारच्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं गाडी स्वतः चालवत न्यायची असं बाईंनी ठरवलं होतं. तिथले परीक्षक प्रसिद्ध होते. खिशात भिंग घेऊन फिरायचे, म्हणून लोक त्यांना भिंगवाले म्हणत. चुकीच्या रंगाच्या एका वॉशरवरून त्यांनी एका गाडीचा पहिला नंबर काढून घेतल्याची गोष्ट शंकासुरानं इतक्यांदा सांगितली होती, की बायकोला ती पाठ झाली होती.

पाच महिन्यांत सगळं जमलं, एक वस्तू सोडून. कार्बोरेटरला पेट्रोल पोचवणारी वीतभर रबरी नळी. मूळ नळीवर कापडी वीण असे. बाजारात मिळणारी नवी नळी साधी, काळी आणि वर ठळक अक्षरं छापलेली. तो जुन्या चित्रातली नळी बघायचा, हातातली नवी बघायचा आणि हताश व्हायचा. शेवटी बंद पडलेल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाच्या माळ्यावरून एक पाकीट आलं. आत दोन नळ्या, कापडी विणीच्या, पाकिटाला मूळचं सील. चाळीस वर्षं कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

नळी बसवताना ती त्याला जरा कडक लागली. त्यानं ती कोमट पाण्यात धरून नरम केली आणि बसवून टाकली. पाव तास इंजिन चालवलं, थेंबभरही गळलं नाही. जन्मभर सगळ्यांवर शंका घेणाऱ्या माणसानं नेमकी त्या नळीवर घेतली नाही, कारण ती इतकी सुंदर दिसत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाई गाडी घेऊन निघाल्या. दोन तासांचा रस्ता होता. शंकासुर शेड झाडायला लागला. उरलेली दुसरी नळी पाकिटात परत ठेवताना त्यानं सहज ती बोटांवर वाकवली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. वरचं कापड जागच्या जागी होतं, पण नळीच्या तोंडातून आतल्या रबराची काळी भुकटी त्याच्या तळहातावर पडली.

तसलीच नळी बाईंच्या गाडीत होती. त्या गाडीत कार्बोरेटरच्या बरोबर खाली सायलेन्सरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या असतात, आणि गाडी चालताना त्या तव्यासारख्या तापतात. त्यानं बाईंना फोन लावला. फोन बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हा त्यांचा नियम. त्यानं अकरा वेळा लावला.

बायको शिवणयंत्रावरून उठून आली. त्यानं तिला तळहात दाखवला. तिनं फार विचारलं नाही.

"रस्ता एकच आहे ना? चला. आणि स्कूटर मी चालवते, तुम्ही काय लागेल ते घ्या."

त्यानं नव्या काळ्या नळीचा तुकडा, दोन क्लिपा आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत कोंबले आणि आग विझवायचं लाल नळकांडं मांडीवर तान्ह्या बाळासारखं धरून मागं बसला. वाटेत तो सारखा बोलत होता. बाईंचं वय, गाडीचा वेग, वाऱ्याची दिशा, सगळ्याचा हिशेब मांडत होता. बायको मधूनमधून नुसतं "हो" म्हणत होती. एका वळणापलीकडे धुराचा लोट दिसला तेव्हा मात्र तो एकदम गप्प झाला. जवळ गेल्यावर कळलं, कुणीतरी शेतात पालापाचोळा पेटवला होता.

गाडी सापडली एका झाडाखाली. बाई शेजारी उभ्या होत्या. पेट्रोलचा वास आला म्हणून त्यांनी दहा मिनिटांपूर्वी इंजिन बंद केलं होतं. आता वास गेला असं वाटून त्या पुन्हा आत बसायला निघाल्या होत्या.

"बाई, चावी फिरवू नका," तो स्कूटर थांबायच्या आधीच ओरडला आणि उतरताना धडपडला.

बॉनेट उघडलं. नळीचं कापड निम्म्यापर्यंत ओलं होतं आणि खालच्या वाकणावर एक थेंब लोंबत होता. त्याच्याखाली चार बोटांवर तापलेलं लोखंड. तिघांनीही तो थेंब पाहिला.

माल जुना निघाला, असं त्याला म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. तो म्हणाला, "चूक माझी आहे, बाई. बसवतानाच ती मला कडक लागली होती. पण परीक्षक मार्क कापतील या भीतीनं मी स्वतःचंच ऐकलं नाही."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. शाळेत कित्येक मुलं त्या नजरेखाली उभी राहिली असतील.

"आत्ता तुमच्याकडे काय आहे?"

"साधी काळी नळी. अक्षरं छापलेली. लांबूनसुद्धा दिसेल."

"हिच्यावर मी पोचेन का?"

"पोचाल."

"मग घाला."

लोखंड थंड होईपर्यंत तो थांबला. नळी बदलली, क्लिपा आवळल्या, पुन्हा आवळल्या, इंजिन चालू करून वीस मिनिटं खाली डोकं घालून बघत राहिला. मग बाई पुढे आणि स्कूटर मागे, असे सगळे शहरात पोचले. तोवर परीक्षण सुरू झालं होतं.

भिंगवाल्यांना काळी नळी दिसायला भिंग लागलं नाही. कुणी बसवली, असं त्यांनी विचारलं. शंकासुरानं लपवाछपवी न करता सगळं सांगितलं आणि गाडीतून काढलेली गळकी नळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, वहीत मार्क कापले, आणि वही मिटून थेट ओळीतल्या दुसऱ्या गाड्यांकडे गेले. तसलीच कापडी नळी आणखी दोघांनी मोठ्या हौसेनं बसवली होती. दोन्ही बॉनेटं उघडायला लावली. एक नळी ठीक होती. दुसरी कापडाखाली तडकलेली निघाली. त्या मालकानं शंकासुराचे आभार मानले नाहीत, उलट दिवस बिघडवला म्हणून तोंड वाकडं केलं.

बाईंची गाडी सहावी आली. त्या ती चालवतच घरी गेल्या.

शंकासुराला मात्र चैन पडेना. आधीच्या वर्षांत आपण कुणाकुणाला जुन्या मालातली नळी घातली, हे त्याला नीट आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकेका गिऱ्हाइकाला फोन करून गाड्या परत बोलावल्या. चार आल्या, चारही तपासून पाठवल्या. पाचवी विकली गेली होती. नव्या मालकाचा पत्ता लागायला सात आठवडे गेले. त्या काळात त्याचं वजन उतरलं, आणि बायकोनं त्याचे सदरे मुकाट्यानं आत घेतले. शेवटी पत्ता लागला. गाडी एका गोदामात कापडाखाली उभी होती. चाकांत हवा नव्हती आणि टाकीत पेट्रोलही नव्हतं. मालक म्हणाला, अजून एकदाही चालवली नाही. शंकासुरानं बॉनेट उघडून नळी बघितली. काळी होती, साधी, अक्षरं छापलेली. तिथल्याच एका खोक्यावर तो टेकला आणि बराच वेळ उठलाच नाही.