दाजींनी स्टिअरिंग सोडलं

दाजींनी गाडीची किल्ली अण्णांच्या हातात दिली, तेव्हाच मागच्या सीटवर मैत्रिणीने माझा हात दाबला.

"बघितलंस?" ती कुजबुजली.

बघितलं होतं. दाजी म्हणजे तिचा नवरा. आम्ही दोघी निपाणीच्या, एका बाकावर बसून शिकलेल्या, त्यामुळे तिचा नवरा तो माझा दाजी. लग्न होऊन ती बंगलोरच्या चामराजपेटेत आली आणि पुढे मलाही बसवनगुडीतल्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्याजवळच खोली घेतली. दाजींचं घराणं कित्येक पिढ्यांचं बंगलोरचं. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड, 'स्वल्प थांब', 'सरी, सरी' चालायचं. मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आपली जुनी फियाट ते सख्ख्या भावालाही चालवू देत नसत. आणि आज मद्रासच्या रस्त्याला लागायचं असताना ते आपणहून शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते.

"मी आज आराम करतो," म्हणाले.

संशयाला कारणं बरीच साचली होती. ज्या माणसाने कधी उजाडताना लालबाग पाहिली नव्हती, तो काही महिन्यांपासून रोज तिथे पळायला जात होता. भात कमी केला, पोट उतरलं. रविवारी दुकान बंद, तरी सकाळी बाहेर पडायचे ते दुपार टळल्यावर घामेजून परत यायचे आणि तडक अंघोळीला जायचे. पातळ तळव्यांचे नवे बूट आणले होते, पण ते घालून घराबाहेर पडताना कुणी पाहिलं नव्हतं. शिवाय खालच्या मजल्यावरच्या अक्कांकडे त्यांना फोन यायचा. आवाज बाईचा असतो, हे अक्कांनीच हिच्या कानावर घातलं. दाजी खाली जाऊन इंग्रजीत, आवाज दाबून बोलायचे.

"लग्न झालेला पुरुष एकाएकी बारीक का होतो, तू सांग," मैत्रीण म्हणाली होती. माझं लग्न व्हायचं होतं, पण जे तिच्या मनात आलं तेच माझ्याही आलं.

अशात दाजींनी शर्यतीचं काढलं. मद्रासच्या अलीकडे मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक होता. तिथे दिवसभराची शर्यत होती. त्याच गाड्या, त्याच वाटेवर गोल गोल, तासन् तास. ज्याची गाडी टिकेल त्याचं खरं. "सगळे जाऊ. हिलाही घे," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. एरवी मैत्रिणीने ऐकूनही घेतलं नसतं. पण त्या रात्री ती माझ्या खोलीवर आली. "हा मला इथून हलवतोय कशाला? मला बघायचंच आहे. तू चल, चार डोळे असलेले बरे."

होसूर मागे पडलं. अण्णा गाडी नीट चालवत होते, पण गप्प होते. अण्णा दाजींचे शाळेपासूनचे दोस्त, गॅरेजवाले, एरवी तोंडाला खीळ नसलेला माणूस. आरशातून मधूनच आमच्याकडे बघायचे आणि मी बघितलं की नजर रस्त्यावर. तेही यात आहेत, अशी माझी खात्री झाली. कशात, ते मात्र कळत नव्हतं.

कृष्णगिरीला इडलीसाठी थांबलो. दाजींनी दोन केळी खाल्ली, मीठ घातलेलं लिंबूपाणी प्याले आणि उठले. "फोन करून येतो." रस्त्यापलीकडे पिवळा एसटीडी बूथ होता. मैत्रिणीने टेबलाखालून मला पायाने ढकललं.

मी घरी फोन करायचाय असं म्हणत मागोमाग गेले आणि काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. दार नीट लागत नव्हतं. दाजी इंग्रजीत बोलत होते, त्यातलं एवढंच स्वच्छ ऐकू आलं. "हो, तिलाही आणलंय. नाही, तिला काही माहीत नाही. रात्री मुक्कामाला सांगेन."

मी परत येऊन बसले तर मैत्रिणीने भुवया उंचावल्या. "काही ऐकू आलं नाही, ट्रकचा आवाज केवढा," मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिने तिथूनच परतीची बस धरली असती. पण त्यानंतर वेल्लोरपर्यंत मला दाजींच्या मानेकडेसुद्धा बघवेना. हसून बोलत होते, खिडकीतून डोंगर दाखवत होते, आणि मला वाटत होतं, हा माणूस आम्ही ओळखतो तो नाहीच.

रात्र कांचीपुरमच्या लॉजवर काढून सकाळी ट्रॅकवर पोचलो. सपाट रान, पत्र्याच्या शेड, जळक्या रबराचा वास. गाडीतून उतरतोय तोच एक बाई धावत आली. तिशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, अंगात गळ्यापासून पायापर्यंत एकसंध पांढरा पोशाख. तिने दाजींचे दोन्ही हात हातात घेतले, मग मैत्रिणीकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्हीच ना? तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही यांना मला दिलंत म्हणून."

मैत्रिणीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "मी कधी दिलं?" ती मराठीतच बोलली.

त्या बाईने गोंधळून दाजींकडे पाहिलं. "रात्री सांगणार होतात ना?" दाजी जमिनीकडे बघत होते. शेवटी अण्णांनीच तोंड उघडलं, मोडक्या मराठीत. बाई स्वतः शर्यतीत गाडी चालवायच्या. एवढी लांब शर्यत एकट्याने झेपत नाही, मध्यावर दुसरा चालक बसतो. त्यांच्या जोडीदाराचं मनगट मोडलं होतं. त्यांच्या इंजिनाचं काम दाजीच बघायचे, म्हणून त्यांनी दाजींना विचारलं. लालबागेतलं पळणं, नवे बूट, केळी, फोन, रविवारचा सराव, काल अण्णांच्या हाती दिलेली किल्ली, सगळं त्यासाठी होतं.

मला हसू यायला लागलं, इतकं हलकं वाटलं. पण मैत्रीण हसत नव्हती. तिचा थोरला भाऊ हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, आणि दाजींनी त्यांची लाडकी येझदी मोटरसायकल विकून टाकली होती.

"त्यापेक्षा बाईची भानगड असती तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली आणि फियाटमध्ये जाऊन बसली.

शर्यत सुरू झाली. पहिला निम्मा भाग ती बाई चालवत होती. दाजी दोनदा गाडीपाशी आले, तिने काच खाली केली नाही. दुपारी त्यांची पाळी आली, तेव्हा ते पांढऱ्या पोशाखात, हेल्मेट काखेत घेऊन आले. तिने काच खाली केली.

"आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही ना तुम्ही?"

"हो."

"मग आता काय विचारायला आलाय?"

"विचारायला नाही. सांगायला आलोय. तू नको म्हणालीस तर मात्र जाणार नाही."

तिने त्यांच्या हेल्मेटकडे पाहिलं. "ती बाई खोळंबली असेल," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं. दाजी पळत गेले.

ते गेल्यावर ती उतरली आणि तारेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. माझं मनगट तिने धरलं ते सोडलंच नाही. लाल गाडी समोरून जायची, वळणाआड दिसेनाशी व्हायची, आणि पुन्हा येईपर्यंत ही श्वास घेत नसे. एका फेरीला गाडी आलीच नाही. मागच्या आल्या, त्यांच्या मागच्या आल्या. अण्णा शेडमधून रस्त्याकडे धावले.

मग लाल गाडी आली. टायर फाटलेला, नुसत्या लोखंडावर खडखडत. पोरांनी चाक बदललं. दाजींनी खिडकीतून आमच्याकडे बघितलं, आणि मैत्रीण जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, सावकाश चालवा!" शर्यतीत. आजूबाजूच्या लोकांना मराठी येत नव्हतं, पण सगळे हसले. दाजींनी मान हलवली आणि गाडी भन्नाट सोडली.

गाडी शेवटपर्यंत टिकली. नंबर खालूनच मोजावा लागला, तरी ती बाई रडत होती आणि अण्णा नाचत होते.

दुसऱ्या दिवशी परत येताना मैत्रीण पुढे बसली, मी आणि अण्णा मागे. वेल्लोर मागे पडल्यावर मैत्रिणीने विचारलं.

"अण्णांना माहीत होतं. त्या बाईला माहीत होतं. आणखी कुणाला?"

दाजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईला."

मी मागे दचकले. मैत्रिणीचा विश्वास बसला नाही. "काहीही सांगू नका. आई? माझी आई?"

"मी निपाणीला जाऊन विचारून आलो होतो. माल आणायला हुबळीला जातो म्हणालो होतो ना, तेव्हा."

म्हणजे तेही खोटंच. तिने खिडकीकडे तोंड केलं ते घर येईपर्यंत.

दिवाळीला मैत्रिणीची आई बंगलोरला आली. चकल्या पाडता पाडता मैत्रिणीने अखेर विषय काढला. मी तिथेच होते. आई हातातला सोऱ्या फिरवत राहिली. "तुझा भाऊ मला न सांगता गाडी घेऊन गेला होता," ती म्हणाली. "हा विचारायला तरी आला. मी म्हटलं, जा. पण तिला बरोबर ने, तिच्या पाठीमागे करू नको. तिला आधी सांगितलंस तर ती सोडणार नाही, आणि मग तू लपून जाशील."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. दिवसभर देवासमोर बसले होते."

त्या दिवशी मैत्रिणीने दाजींशी पूर्वीसारखं बोलायला सुरुवात केली. ती बाई पुढे त्यांच्याकडे जेवायला यायला लागली. दाजी त्यानंतर आणखी दोनदा शर्यतीला बसले, दोन्ही वेळा सांगून, आणि ही कुंपणापाशी उभी. तरी संशयाची सवय काही गेली नाही. दाजी एखाद्या दिवशी जरा जास्त हसले, की ती मला विचारायची, "आता काय शिजतंय गं?" आणि मीही, खरं सांगायचं तर, लगेच विचारात पडायचे.