अळंबीकाकूंचं झाड

अळंबीकाकूंना मेलेली झाडं आवडत. हिरवंगार झाड दाखवलं तर नुसतं ‘हं’ म्हणून पुढे जात, आणि वाळकं, पोखरलेलं खोड दिसलं की त्याला अख्खी प्रदक्षिणा. काका इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. काकू स्वतः पुण्याच्या बॉटनीतल्या एमएस्सी, पण तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख ‘डॉक्टरांच्या मिसेस’ एवढीच. आम्ही शेजारी, रविवारी मला धरूनच रानात न्यायच्या.

आमच्या घरांमागच्या त्या रानात पायवाटेवर झुकलेला बीच जातीचा एक म्हातारा वृक्ष होता. ऑक्टोबरात त्याच्या ढोलीतून दाढीवाली अळंबी लोंबायची, वाळत घातलेल्या शेवयांसारखी. देशात फार थोड्या झाडांवर उरलेली जात. ‘ही खायची नाही गं, बघायची,’ असं दरवेळी बजावायच्या.

मग रान तोडून घरं बांधायची टूम निघाली. काकूंनी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये अळंबीची बाजू मांडली, तर एका शहाण्याने ती बटरवर कशी लागते ते विचारलं. सगळे हसले. पुढे त्याच रानात लांब कानांचं दुर्मीळ वटवाघूळ असल्याचा संशय आला. काकू उन्हाळाभर संध्याकाळी आवाज टिपायचं यंत्र घेऊन उभ्या राहिल्या. वटवाघूळ सापडलं, पेपरात त्याचा फोटो आला आणि घरं रद्द झाली.

‘दोघंही जुन्या झाडांवर जगतात, दोघंही संपत आलेत,’ काकू म्हणाल्या. ‘पण त्याला डोळे आहेत. लोकांना आपल्याकडे बघणारं कुणीतरी लागतं.’

रान वाचलं आणि वटवाघळं बघायला लोकांच्या झुंडी यायला लागल्या. झालं! त्यांच्या डोक्यावर फांदी पडेल म्हणून बीच धोकादायक ठरला. फेब्रुवारीत माणसं आली, ढोली-ढोलीत वटवाघूळ नाही ना ते अगदी जपून पाहिलं आणि मग झाड पाडलं. काकू धावत गेल्या. अळंबीलाही कायद्याचं संरक्षण होतं, पण फेब्रुवारीत ती लाकडाच्या आतच जगते, बाहेर दिसणार कुठे? इथे काहीच नाही मॅडम, असं त्यांना गोड आवाजात सांगण्यात आलं. मला आजही संताप येतो.

बीचच्या ढलप्या करून पायवाटेवर पसरल्या. बूट चिखलात रुतत नाहीत म्हणून लोक खूश. त्या उन्हाळ्यात वटवाघळं दाखवायला पुन्हा काकूंनाच बोलावलं, कारण माहिती त्यांनाच. त्या गेल्या. पोरांना त्यांचे कान, त्यांची पिल्लं, सगळं मन लावून सांगितलं. चालत होत्या मात्र कडेच्या चिखलातून. काकू, वाटेवर या, पाय भिजतायत, असं मी म्हटलं.

‘तू चाल,’ त्या म्हणाल्या. ‘मी तिच्यावर पाय देणार नाही.’