आत्याबाईंची पोथी

“आणि मुडद्यानं डोळे उघडले,” मी मोठ्यानं म्हणाले आणि जीभ चावली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, भक्तीनं हात जोडले.

निजाम जाऊन दहाएक वर्षं झाली होती. भूम गावच्या घरी दुपारी आत्याबाईंना पोथी वाचून दाखवायचं काम माझं. पोथी मला पाठ होती. तोंड ती म्हणायचं आणि डोळे आत दडवलेली भुताची कादंबरी वाचायचे. एकाच लेखकाच्या तीस अशाच संपवल्या, ही शेवटची. कळलं तर चुलीत जाणार होती.

“थांबलीस का गं? मुडदा उठला का न्हाय?”

“उठला, आत्याबाई.”

“मग वाच की! इतके दिवस नुसते उपासच ऐकवलेस.”

शेवटी त्यांनी कादंबरीला हळदकुंकू वाहिलं. आज ट्रंकेत हळदकुंकवाच्या डागाचं ते पान सापडलं. त्या कादंबरीत कुणीच जिवंत वाचलं नाही. आम्ही दोघी वाचलो.