तिले भूक लागू दे

आधी गजभिये काकांचं नाव लिहिते, मग बाकीचं. माझी शाळा आठवीतच सुटली, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. दुसरं कोणी सांगितलं असतं तर हसलेच असते…

मी जत तालुक्यातली. तुमसरजवळ अँटिबायोटिकच्या कारखान्यात हेल्पर आहे. आले तेव्हा इथलं 'मले', 'तुले'सुद्धा कळायचं नाही. आमच्या टाकीवरचे ऑपरेटर गजभिये काका, सिहोऱ्याचे. त्यांनी बोली शिकवली, साहेबांकडं शब्द टाकला, म्हणून मी टिकले.

त्या दिवशी काका भाताच्या रोवणीसाठी गावी होते. माझी सलग दुसरी पाळी, पाय सुजलेले. दुपारी बदलीचा ऑपरेटर मला टाकीकडं बघ म्हणून खाली गेला. टाकीत बुरशी वाढते, ती औषध बनवते — एवढंच मला माहीत. कालपर्यंत भराभर वाढत होती, ऑक्सिजन नुसता ओढत होती. आणि आता ऑक्सिजनचा आकडा वर चढायला लागला. म्हणजे ती श्वासच घेईना. वाटलं, उपाशी मरतेय. बॅच गेली तर मला काढतील, आणि घरी आईच्या गोळ्या माझ्याच पगारावर… साखरेच्या पाकाच्या व्हॉल्व्हला हात घातला.

"थांब बाई. तिले भूक लागू दे."

काकांचा आवाज. कानाशी, हळू. तिथं मोटारींच्या आवाजापुढं शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. वळून पाहिलं — कोणी नाही. हात मात्र निघाला.

ऑपरेटर आला. आकडा बघून म्हणाला, बरं झालं पाक नाही सोडला. पोट भरलेलं असलं की ती नुसती वाढते; अन्न सरत येऊन वाढ थांबली की मगच औषध सोडते. बॅच वायाच गेली असती.

संध्याकाळी काकांना फोन केला, प्लांटात येऊन गेलात का म्हणून. ते हसले.

"मी तं दिवसभर चिखलात होतो बाई, कसा येईन?"

मागं त्यांची नात रडत होती. सकाळपासून जेवत नव्हती म्हणे, सून ताट घेऊन तिच्या मागं मागं.

"मंग दुपारी बांधावरूनच सुनेले फोनवर म्हटलं, थांब बाई, तिले भूक लागू दे. आता पाह्य, भात मागून राहिली."

थकव्यानं भास झाला म्हणावं, तर शब्द तेच कसे? मला अजून कळलेलं नाही. विचार करायचंही त्राण उरलं नाही.

काका म्हणतात, "कायचे उपकार? मी तं नातीसाठी बोललो." असू दे. ती मोठी होईल, कधी परक्या गावी एकटी कामाला जाईल… तेव्हा तिच्यासाठी शब्द टाकायला मी असेन.