फळीमावशीची घाई

आमच्या वरळीच्या चाळीत फळीमावशीइतकी घाईची बाई दुसरी नव्हती. बाकीच्यांची पानं वाढून होईपर्यंत तिचं जेवण उरकलेलं असायचं. जिना ती चालत उतरली, असं कुणी पाहिलं नाही. "चल गो, लाट काय तुझ्यासाठी थांबणार हाय?" हे ती मला नळाच्या रांगेतही ऐकवायची.

मावशी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. माहेर मालवणकडचं. तिथेच लहानपणी होडीच्या जुन्या फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याला यायला शिकली, आणि लग्नानंतर ती फळी मुंबईला घेऊन आली. चौपाटीवर फळीवरून लाटा घेत कोण आधी किनारा गाठतो, याची शर्यत व्हायची. बायकांत दुसरी कुणी नव्हतीच, म्हणून ती पुरुषांत उतरायची. "लुगडं नेसून समुद्रात?" असं एका पंचाने विचारलं, तर म्हणाली, "काष्टा घट्ट हाय. तुमी तुमची टोपी सांभाळा." सलग दोन वर्षं तिने कप आणला. तिसऱ्यांदा जिंकली की तो कायमचा तिचा. आम्ही फडताळात जागाही करून ठेवली होती.

ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचं. शेजारचा दत्तू कोपऱ्यावर गोळी लागून पडला. गाडी मिळेना. मावशी वर धावली आणि फळी घेऊन आली. दत्तूला फळीवर घालून चौघांनी इस्पितळाकडे पळवलं. पुढचं टोक मावशीकडे. "मावशी, जरा हळू," दत्तू म्हणत होता. ती पळत राहिली. वाटेतच तो गेला.

मढं वाहिलेलं लाकूड घरात आणू नये, असं सगळे म्हणाले. मावशीने फळी धुऊन जागेवर ठेवली. "पोर निजलं होतं तिच्यावर," एवढंच बोलली. रडली नाही. मलाही रडू आलं नाही. सगळी चाळच तशी झाली होती. जेवत होतो, कामावर जात होतो, चव कशालाच नव्हती.

त्या वर्षीच्या शर्यतीला आम्ही सगळे गेलो. दत्तूची आईही आली. चांगली लाट आली; मावशी फळीवर बसूनच राहिली. दुसरी आली, तीही तिने जाऊ दिली. आम्ही ओरडून दमलो. बाकीचे किनाऱ्यावर अंग पुसत होते, तेव्हा मावशी फळीवरून पाण्यात उतरली आणि रिकामी फळी दोन्ही हातांनी धरून, तिला धक्का लागू न देता, बाहेर आली.

दत्तूच्या आईने पुढे होऊन फळीचं दुसरं टोक धरलं. दोघी ती तशीच चालत वरळीपर्यंत घेऊन आल्या.

मावशी पुन्हा शर्यतीला उतरली नाही. जिनाही एकेक पायरी उतरू लागली. मी पुढे पळाले की मागून म्हणायची, "जरा हळू गो."