प्रेशरमामांचा हिरवा दिवा

वारंगा फाट्यावर प्रेशरमामांच्या गॅरेजच्या दारावर लिंबू-मिरची नव्हती. तिथे तारेने टांगलेला, मधोमध भोक पडलेला एक पिस्टन होता. दुसऱ्या कुणी मेकॅनिकने असली वस्तू भंगारात दडवली असती. मामा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत आणि कुणी विचारायच्या आत सांगत, "माह्या हातानं जळाला ह्यो."

मामांना दाब मोजायचं वेड होतं. टायर, हापसा, स्टोव्ह, काहीही समोर आलं की त्यांचा अंगठा तिकडे वळायचा. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे चहाला आले की ते माझंही मनगट धरत. "रेडिओ, आज दाब कमी हाय. जेवला न्हाईस तू." मला भयंकर राग यायचा, कारण मी खरंच जेवलेलो नसायचो.

घर मेंढपाळांचं. लहानपणी कळपामागे फिरलेले मामा पुढे ट्रॅक्टरच्या डिझेल पंपांत रमले आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताला तोड राहिली नाही. तिथेच घोटाळा झाला. साखरा गावच्या सुधाकरने पुण्याहून नायट्रस गॅसची निळी टाकी आणली, तेव्हा फाट्यावर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. हा गॅस इंजिनात सोडला की पेट्रोल जोरात जळतं आणि गाडी सुसाट सुटते. मामांनी ती त्याच्या शर्यतीच्या पेट्रोल गाडीला बसवून दिली. डिझेल इंजिनाला तेल कमी पडलं तर ते नुसतं मंदावतं, तापत नाही. मामांनी आयुष्यभर तेच पाहिलेलं. पेट्रोल कमी पडलं आणि गॅस चालूच राहिला तर आत भट्टी पेटते, हे त्यांना पिस्टन वितळल्यावर कळलं.

सुधाकरचे वडील तात्या, मोठे बागायतदार, गॅरेजात येऊन चारचौघांत म्हणाले, "मामा, नांगराच्या बैलाला शर्यतीत जुंपलं आमी. चूक आमचीच." दुसऱ्या दिवशी मामांनी तो पिस्टन दारावर टांगला.

मग त्यांनी ध्यास घेतला तो पेट्रोलच्या दाबावर राखण करणाऱ्या स्विचचा. पेट्रोलच्या नळीवर स्विच बसवायचा. दाब पुरेसा असेल तरच वीज पुढे जाईल आणि गॅसचा वॉल्व्ह उघडेल. दाब पडला की गॅस बंद. नांदेडच्या भंगार बाजारातून त्यांनी दाब आला की वीज जोडणारा एक जुना स्विच शोधून काढला. त्याचा रबरी पडदा पेट्रोलला टिकतो का हे बघायला तो आठ दिवस लोणच्याच्या बरणीत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला. मामींनी त्या बरणीवर पुढे कायमचं पाणी सोडलं. स्विचला सायकलचा पंप जोडायचा, हवा भरायची, दिवा लागला की दाबाचा काटा बघायचा आणि हवा सोडून दिवा कधी विझतो ते पुन्हा बघायचं, हा खेळ महिनाभर चालला.

तारांचं काम माझ्याकडे होतं. मी ऐटीत जोडणी करून दाखवली. मामांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एक तार उपटली. गॅसचा वॉल्व्ह उघडाच राहिला.

"आता?"

"मामा, तार कशाला तुटेल?"

"तुटंल न्हाई तं काय करंल? तार हाय ती. तुटली तरी गॅस बंदच झाला पायजे. मेंढरं जोरात हाकायची तं मी पुढच्या पाण्याची खात्री करत व्हतो. पाणी न्हाई दिसलं की थांबायचं. राखणारा झोपला तरी कळप थांबला पायजे."

मी तीन वेळा जोडणी बदलली. तिसऱ्यांदा त्यांनी कुठलीही तार ओढली तरी वॉल्व्ह टपकन मिटायला लागला. गाडीच्या डॅशबोर्डवर आम्ही एक छोटा हिरवा दिवा बसवला. दिवा चालू म्हणजे दाब बराबर.

पुण्याच्या बाजूला एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. तात्यांनी सुधाकरला बजावलं होतं: या वेळी इंजिन गेलं तर गाडी विकायची आणि त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढायची नाही. समोर पुण्याची झकपक गाडी, तीन धावांत दोन जिंकायच्या. पहिली आपण मारली. दुसरीत निम्म्या वाटेत आमची गाडी अचानक मऊ पडली आणि लोक हसले. सुधाकर तावातावाने उतरला.

"दिवा इझला मामा! तुमच्या स्विचनंच घात केला. काढून टाका ते. दोन तारा सरळ जोडा."

मला मान खाली घालावीशी वाटली. मामा मात्र टाळ्या पिटत होते. "इझला ना? बराबर इझला! इंजिन वाचलं लेका!"

"मामा, एकच धाव राह्यली. जोडा तारा."

मामा बॉनेटला पाठ लावून उभे राहिले. "मंग गाडी घरी ने. माह्या हातानं दुसरा पिस्टन जळणार न्हाई."

त्यांनी पेट्रोलचा फिल्टर उघडला. आतली जाळी चिकट लगद्याने भरली होती. मामांनी तो बोटाला लावून हुंगला आणि माझ्याकडे वळले. "रेडिओ, पेट्रोल कशात आणलंस?" गोडेतेलाच्या कॅनमध्ये. मी तो धुतला होता, देवाशप्पथ धुतला होता. पण तळाचा सुकलेला चिकट थर पेट्रोलने सोडवून थेट जाळीत नेऊन बसवला होता. सुधाकर माझ्याकडे असा पाहत होता की मी पार मेल्याहून मेल्यासारखा झालो. मामांनी तोवर पेट्रोलची टाकी रिकामी करायला घेतली होती. पेट्रोल कुठून आणायचं या विचारात असताना पुण्याच्या गाडीवाल्याने स्वतःचा कॅन पुढे केला.

तिसऱ्या धावेत मला गाडी धड दिसलीच नाही. मामा मात्र नळीवर ठेवल्यासारखा अंगठा हवेत धरून उभे होते. गाडीभर पुढे राहून आपण जिंकलो! सुधाकर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "हिरवा! शेवटपर्यंत हिरवा!" मी इतका ओरडलो की दोन दिवस दुकानात खुणांनी बोलत होतो.

पुण्याचा गाडीवाला बॉनेटमध्ये वाकून स्विच निरखत राहिला. "हे कुठून मागवलंत?"

"वारंग्याहून," मामा म्हणाले.

चार दिवसांनी तात्या स्वतः ट्रॅक्टर चालवत गॅरेजात आले. सगळ्या फाट्यादेखत म्हणाले, "मामा, चुकलो मी. याला बी तो दिवा बसवा." मामा पोट धरून हसले. "तात्या, डिझेलला न्हाई लागत त्यो. तेवढं तं मला ठावं हाय."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात नांदेडला दवाखान्यात भेटायला गेलो, तर नाकाला ऑक्सिजनची नळी आणि नजर तिच्या दाबाच्या काट्यावर. नर्सला विचारत होते, "ताई, ह्याचा दाब पडला तं कळतं का?" तिने यंत्राचा भोंगा वाजवून दाखवला. "अन् लाइट गेली तं?" बॅटरीवरही वाजतो, असं म्हणून तिने प्लग काढून तेही दाखवलं. मामांचा चेहरा खुलला. माझं मनगट धरून ते म्हणाले, "बराबर केलं यायनं. मंग रेडिओ, तू काहून रडून राहिला? जेवला न्हाईस वाटतं."

मी खरंच जेवलो नव्हतो.