कापराची बरणी

सकाळी देव्हारा पुसताना कापराची काचेची बरणी हातात आली. झाकण घट्ट होतं, तरी आतल्या वड्या झिजून बारीक झाल्या होत्या. बरणीच्या खिडकीकडच्या गार काचेवर मात्र आतून पांढरी पिसं उगवली होती. उन्हात धरली, तर प्रत्येक पिसाला धार होती.

लेक सुट्टीला आली आहे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आई, वडीतले कण सुटतात, हवेतून जातात आणि गार काचेवर पुन्हा ओळीने बसतात. ते कसे बसलेत, तेच आम्ही तपासतो."

"कापूर आरतीला जाळायचा. त्यात तपासायचंय काय?" यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, हसल्या. "पुरे झालं शिक्षण. मुलाकडच्या पाहुण्यांना होकार कळवते मी उद्या."

मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला भिते. बर्फाचं पाणी होतं, तसं माझंही दर वेळी बोलण्याआधीच पाणी होतं, आणि म्हणणं राहून जातं. कापूर मात्र पाणी न होताच जागा सोडतो आणि नव्या जागी धारेनिशी उभा राहतो. बरणीत एक थेंबसुद्धा नव्हता.

"वन्सं, नाही म्हणून कळवा," मी म्हणाले. "तिला अजून शिकायचंय."

"आता रडशील बघ," वन्सं म्हणाल्या.

माझा आवाज बारीकच निघाला होता, पण डोळे कोरडे होते. आरतीला कापूर दुकानातून आणता येईल. ही बरणी मी त्यांच्यादेखत लेकीच्या बॅगेत ठेवली.